न मोजलेला डोह

चाळिसावा टप्पा आटोपला तशी निर्गुणा भानारकरनं काठी पाण्याबाहेर काढली, पदराला पुसली आणि पायातल्या चपला हातात घेतल्या. पुढं डोह होता. डोहाच्या काठानं चपला घालून जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, जाळं टाकायचं नाही आणि आत काय आहे ते मोजायचं नाही, हे पिपरटोल्याच्या मासेमार ढिवरांना कोणी शिकवावं लागत नाही. चालायला शिकता शिकताच ते अंगवळणी पडतं.

काठी हातभर लांब होती आणि तिच्या टोकाला केसांहून बारीक जाळी होती. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव काही ना काही मागे सोडत असतो: खवल्याचा कण, कातडीची साल, विष्ठा, बुळबुळीत चिकटा. त्या प्रत्येक कणात त्याच्या मालकाची जनुकलिपी असते. काठी तीन मिनिटं पाण्यात स्थिर धरली की ती ही लिपी वाचते आणि आसपास कोण कोण राहतं याची यादी फोनवर टाकते. मरळ, दाडक, शिंगूर, टेंगना, पाणमांजर, कासव. सरकारी नाव होतं पाणवाचक. बायका नुसतं काठीच म्हणत.

यादी फोनवरून थेट पंचाकडे जाई. पंच म्हणजे माणूस नव्हे. नद्यांचे निवाडे करण्यासाठी राज्यानं बसवलेली ती गणकप्रणाली होती. तिचं खरं नाव इतकं लांब होतं की ते पूर्ण उच्चारणारा अधिकारी अजून जन्माला यायचा होता. हिरडोली नदीचे दोनशे दोनशे मीटरचे त्रेसष्ट टप्पे पाडले होते आणि पंच दर टप्प्याला शून्य ते शंभरमधला एक जीवांक देई. जीवांक चांगला असला की काठावरच्या जंगलालाही संरक्षण मिळे. रात्री-अपरात्री कुऱ्हाड वाजली तर झाडांवर बसवलेले कान ती ऐकत आणि वनखात्याची गाडी येई. सहा वर्षांपूर्वी हे सुरू झालं तेव्हा हिरडोली राखण मंडळाच्या बायकांना वाटलं, चला, आपलं ऐकणारं कोणीतरी आलं. मंडळ तेवीस जणींचं होतं. पगार नव्हता, गणवेश नव्हता. दर अमावास्येला आणि पुनवेला त्या नदीकाठानं चालत आणि काठी बुडवत. बेशरमाची झुडपं उपटत, जाळी लावून विष टाकणाऱ्यांना शिव्या घालत. शेवटचं काम त्या सगळ्यांत जास्त मन लावून करत.

निर्गुणा डोहाच्या काठानं अनवाणी चालली. दोन्ही काठांवर कहूची, म्हणजे अर्जुनाची, झाडं पाण्यावर वाकलेली होती आणि त्यांच्या पांढुरक्या खोडांवरून पुराची खूण अजून गेली नव्हती. डोह ओलांडल्यावर तिनं फोन काढला. टप्पा एक्केचाळीस. पडद्यावर दोन चौकोन होते: ‘जीव आढळले’ आणि ‘जीव आढळले नाहीत’. एक तरी दाबल्याशिवाय बेचाळिसावा टप्पा उघडत नसे.

पहिल्या वेळी तिनं शिकवायला आलेल्या साहेबाला विचारलं होतं, “साहेब, आमी इथं पाहतच नाई जी. मंग का दाबू?” साहेबाची जेवायची वेळ झाली होती. तो म्हणाला, “मग ‘आढळले नाहीत’ दाबा ताई आणि पुढं चला.” तिनं दाबलं आणि पुढं गेली. तेव्हापासून महिन्यातून दोनदा, सहा वर्षं, ती दाबत आली होती. आजही दाबलं. दार उघडण्यासाठी कडी काढावी, तितकंच तिला त्याचं महत्त्व होतं.

बेचाळिसाव्या टप्प्यावर काठी पाण्यात धरून ती उभी होती, तेव्हा फोन थरथरला.

‘हिरडोली, टप्पा ४१. सलग १४४ नोंदींमध्ये एकही जीव आढळलेला नाही. जीवांक ०. सदर टप्पा निर्जीव घोषित करण्यात येत असून रेतीघाटासाठी खुला करण्यात येत आहे. पोचमार्गासाठी काठावरील १,१०० झाडे काढण्यास अनुमती. हरकत असल्यास जागेवरील सुनावणी एकविसाव्या दिवशी.’

तिनं ते दोनदा वाचलं. मग ती काठावरच बसली. नदीतला सगळ्यात भरलेला, सगळ्यात जुना डोह मेला आहे, असं लिहिलं होतं. आणि तसं तिनंच कळवलं होतं, एकशे चव्वेचाळीस वेळा.

*

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात मंडळ जमलं. निर्गुणानं कुठलीही सारवासारव न करता सगळं सांगितलं. ती बावन्न वर्षांची होती, मंडळाची अध्यक्ष होती आणि आयुष्यात कोणापुढं मान खाली घालायची तिला सवय नव्हती. आज तिनं ती घातली.

“चूक माही आहे. फोनात तिसरा चौकोन नोयता, म्हून म्या खोटा चौकोन दाबला.”

“हात्तिच्या! याच्यात रडाचं का आहे, काकू?” आचल वलथरे म्हणाली. ती सत्तावीस वर्षांची होती. पंचाशी होणारा सगळा पत्रव्यवहार तीच सांभाळायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. “उद्या जाऊन काठी डोहात धरा ना. तीन मिनिटाचं काम. नव्वदच्या वर अंक येते. रेतीवाला आपल्या गावी जाते.”

भिंतीला टेकून बसलेल्या कौतिकाबाई मारबते यांनी डोळे उघडले. वय शहात्तर. अकराव्या वर्षापासून जाळं विणलेल्या त्यांच्या बोटांची पेरं सुजून गाठाळ झाली होती. “डोह मोजाचा नाई,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले.

“कायले पन, माय?” आचल चिडली. “देव कोपते?”

“देवाचं मले मालूम नाई. मानसाचं मालूम आहे.” कौतिकाबाई आता सरळ बसल्या. “मी पोरगी होती तवा गावतलावातली मासोळी कोनी मोजत नोयतं. जे जाळ्यात आलं ते घरी. मंग एक साहेब आला, तलाव मोजून गेला. किती एकर, किती मासोळी. पुढच्या साली तलावाचा ठेका निघाला अन् आमी आमच्याच तलावात चोर झालो. ज्याची मोजणी होते ना बाई, त्याले मालक भेटते.”

“ते जुनं झालं. आता पंच आहे.”

“जुनं?” दाराजवळून आवाज आला. वरच्या अंगाच्या आंबेटोल्याहून मंडळातलीच जैवंता नैताम मुद्दाम आली होती. मूठभर बांध्याची, पण बोलायला लागली की लोक वाट करून देत. “आमचा बाविसावा टप्पा इसरली का? मागच्या साली चौऱ्याऐंशी अंक आला. आमी लाडू वाटले. आठ दिवसांनी टाक्या लावलेल्या गाड्या आल्या.”

ते सगळ्यांना ठाऊक होतं. ऐंशीच्या वर जीवांक गेला की टप्पा ‘मातृटप्पा’ होतो. मेलेल्या नद्या पुन्हा वसवायला पंचाला बियाणं लागतं आणि ते तो मातृटप्प्यांतून उचलतो. अंड्यांनी भरलेल्या माद्या आधी. हिशेब तसा चोख होता. एका नदीच्या माद्यांवर तीन नद्या जगतील, असं गणित सांगत होतं. बाविसाव्या टप्प्याचा अंक आता एकतीस होता आणि त्या तीन नद्यांपैकी एकीतही मासा टिकला नव्हता.

म्हणजे शून्य म्हटलं तर डोहाची रेती जाणार आणि नव्वद म्हटलं तर डोहाचे मासे जाणार. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे नेऊन सोडणारी वाट एकच: अंक.

“मंग अंकच द्याचा नाई,” निर्गुणा म्हणाली. बोलताना तिला स्वतःलाही ते नीट कळलेलं नव्हतं. “तसं करता येते का, आचल? शून्य नाई, नव्वद नाई. काहीच नाई.”

आचलनं पंचाची नियमावली फोनवर उघडली. ती एकशे दहा पानांची होती आणि आजवर ती कोणी वाचल्याचा पुरावा नव्हता. दोन दिवस आचल ती घेऊन बसली. भाकरी थापता थापताही वाचत होती, असं तिची आई सांगत फिरली. तिसऱ्या दिवशी ती निर्गुणाच्या अंगणात आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

“सापडलं, काकू. जीवांक नसलेल्या टप्प्यावर कोनतीच परवानगी देता येत नाई. ना रेती, ना मासे. सरळ लिवलं आहे.”

“मंग तोंड असं कायले?”

“कारन नुसती एक्केचाळीसची नोंद मागं घेतली तं पंच आजूबाजूच्या टप्प्यांवरून अंदाज काढते. चाळीस अन् बेचाळीस दोनी सत्तरच्या वर आहेत. खोल पान्याचे जादा गुण धरून डोहाचा अंदाज ऐंशीच्या वरच जाईन. गाड्या आल्याच समजा. अंदाज बांधाले शेजारच नसला पाहिजे. तुमी सुनावणीत सांगा का मी खोटी नोंद केली. एक नोंद जानून खोटी निघाली तं मंडळाच्या साऱ्या नोंदी बाद होतेत. सहा सालाच्या. पुरी नदी कोरी.”

“अन् मी?”

“तुमचं नाव कटते. जलसेवक म्हून पुन्हा कधी काठी हाती धरता येनार नाई. जंगलाचं संरक्षण बी जाते. कुऱ्हाड वाजली तं गाडी येनार नाई.”

निर्गुणा उठली आणि चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे सारत राहिली. नवरा गेला त्या वर्षी ती काठी तिच्या हाती आली होती. त्या काठीनं तिला घराबाहेर काढलं होतं. तिच्या नावानं नऊ हजार नोंदी होत्या. हिरडोलीत पाणमांजर परत आल्याची पहिली नोंद तिची होती आणि त्या दिवशी ती सगळ्या गावासमोर लहान पोरीसारखी नाचली होती. ते सगळं एका वाक्यानं पुसायचं होतं. तिला क्षणभर डोहाचाच राग आला.

*

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात पंचाचं काम पाहणाऱ्या नदी प्राधिकरणाच्या खानझोडे मॅडम स्वतः गाडी चालवत पिपरटोल्याला आल्या. बाई मनानं वाईट नव्हती, त्यामुळं तिच्याशी भांडणं अवघड होतं.

“भानारकर ताई, मला सगळं कळलंय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फक्त एक नोंद करून द्या. मी ती सुनावणीच्या आधी चढवून घेते, निर्जीव शेरा त्याच दिवशी निघेल. गाड्यांचं म्हणाल तर तुमच्या डोहातून एक तृतीयांशापेक्षा जास्त माद्या उचलू नयेत, असं मी लिहून देते. याहून जास्त माझ्या हातात नाही.”

“एक तृतीयांश,” निर्गुणा म्हणाली. “मॅडम, तुमच्या घरातली तीनातलं एक मानूस कोनी लिहून नेलं तं चालते का जी?”

खानझोडे मॅडमनी चहा पूर्ण घेतला आणि जाताना हळूच म्हणाल्या, “खोट्या नोंदीची कबुली देणार असाल तर विचार करा. नाव कायमचं जातं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्गुणा एकटीच डोहावर गेली. काठी घेऊन. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं आणि पुढंही बरेच दिवस सांगितलं नाही. मनाशी तिनं ठरवलं होतं की तीन मिनिटं धरायची आणि सुटायचं. एक तृतीयांश तर एक तृतीयांश. दोन तर राहतील. नाव राहील, जंगलाचे कान राहतील. माणसानं किती ताणायचं?

ती गुडघाभर पाण्यात उतरली. दसरा होऊन गेला होता आणि पाणी निवळलं होतं. काठाच्या गवतालगत लालसर ठिपक्यांचा एक पुंजका हळूहळू सरकत होता. मरळीची पिलं, उशिराच्या विणीची, निदान चारशे-पाचशे. पण मोजायचं नाही म्हणून तिनं मन आवरलं. काठीचं टोक पाण्याला लावलं.

पुंजक्याखालून काहीतरी काळं उसळलं आणि काठीवर इतक्या जोरात आदळलं की ती निर्गुणाच्या हातातून सुटली. मरळ होती, हातभर लांब. पिलांवर कोणी आलं की मरळ माणसाच्या पोटरीलाही सोडत नाही, हे ढिवराच्या बाईला ठाऊक असायला हवं होतं. निर्गुणा मागं सरली, पाय घसरला आणि ती पाण्यात बसली. मरळ तिथंच थांबली होती, कल्ले हलवत, पुन्हा झडप घालायच्या तयारीत.

निर्गुणाला हसू फुटलं. मोठ्यानं हसायचं नसतं म्हणून तिनं तोंडावर ओला पदर धरला आणि त्या पदराआड हसता हसता ती रडली. तिच्यासमोर मूठभर डोक्याचा एक मासा सत्तर किलोच्या बाईला हुसकावत होता. त्याला नियमावली ठाऊक नव्हती, तडजोड ठाऊक नव्हती. ही माझी पिलं आहेत आणि तू इथून जा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

काठी वाहत जाऊन मुळांत अडकली होती. एक सेकंदभर पाण्याला लागलेल्या काठीत नोंद होत नाही. तिनं काठी उचलली, कोरडी केली आणि घरी आली.

त्या संध्याकाळी दोन्ही गावांची सभा झाली. जैवंता नैतामनं सगळ्यांत आधी हात वर केला. “आमच्या जंगलाचे बी कान जातेत, मले मालूम आहे. आमची गाडी बी येनार नाई. पन ते कान येन्याच्या आंधी जंगल कोन राखत होतं? आमीच ना? पाय तं अजून आहेत.”

आचलनं हात वर करायला सगळ्यांत उशीर लावला, पण केला.

*

सुनावणी डोहाच्या खालच्या अंगाला, वाळूच्या पट्ट्यावर झाली. मांडवात मोठा पडदा होता आणि त्यावर हिरडोलीचे त्रेसष्ट टप्पे हिरव्या-पिवळ्या मण्यांच्या माळेसारखे ओवलेले दिसत होते. प्रत्येकात त्याचा अंक होता. एक्केचाळिसावा तेवढा काळा. खानझोडे मॅडम टेबलापाशी बसल्या होत्या. रेतीच्या कंत्राटदाराकडून धोटे नावाचा गृहस्थ आला होता. पांढरे बूट घालून वाळूत आल्याचा त्याला पश्चात्ताप होत होता.

“हरकतदार कोण?” पंचानं विचारलं. आवाज मऊ, शुद्ध आणि कोणाचाच नसलेला होता.

“मी. निर्गुणा रामदास भानारकर.”

“आपली हरकत आपल्याच नोंदींवर आहे.”

“हाव. त्या एकशे चव्वेचाळीस नोंदी खोट्या आहेत. म्या डोहात काठी कधी बुडवलीच नाई. ‘आढळले नाहीत’ दाबलं अन् पुढं गेली.”

धोट्यांनी खुर्ची पुढं ओढली. पंच म्हणाला, “मग खरी नोंद घेता येईल. काठी आपल्याजवळ आहे. कृपया आता पाण्यात धरा.”

“नाई धरत.”

“कारण?”

“आमी डोह मोजत नाई.”

“हे कारण यादीत नाही.”

“तेच तं सांगून रायली!” निर्गुणाचा आवाज चढला. “तुया यादीत नाई म्हून जगात नाई का? तुले दोनच चौकोन मालूम. आहे, नाई. आहे म्हटलं का तू घेऊन जातेस, नाई म्हटलं का दुसऱ्याले देतेस. आमी डोहात पाहत नाई म्हून तिथं जीव आहे. पाहिला असता तं कवाच बाजारात गेला असता.”

मांडवामागं उभ्या असलेल्या बायकांतून हुंकार उमटला.

“जाणीवपूर्वक खोटी नोंद सिद्ध झाल्यास मंडळाच्या सर्व नोंदी बाद होतात आणि आपले नाव जलसेवकांच्या सूचीतून कायमचे वगळले जाते,” पंच म्हणाला. “कबुली मागे घेण्यासाठी आपल्याला एक मिनिट आहे.”

एक मिनिट फार मोठं असतं. निर्गुणानं पडद्यावरच्या माळेकडे पाहिलं. अठरावा टप्पा, जिथं पाणमांजर परतलं होतं. तेहतिसावा, जिथं तीन उन्हाळे खपून त्यांनी बेशरम मुळासकट काढला होता आणि पाणवनस्पती लावल्या होत्या. प्रत्येक अंक पायांनी मिळवलेला होता.

“मिनिट पुरं झालं का? मंग काट नाव.”

एक्केचाळिसावा मणी विझला. लगेच पंच म्हणाला, “शेजारील टप्प्यांवरून अंदाज काढत आहे.” चाळीस आणि बेचाळीस लुकलुकले. “शेजारील नोंदी बाद. त्यापलीकडील टप्प्यांवरून अंदाज काढत आहे.” चाळीस आणि बेचाळीस विझले. मग एकोणचाळीस आणि त्रेचाळीस. मग अडतीस, चव्वेचाळीस. वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला एकेक मणी मालवत गेला. अठरावा विझला तेव्हा निर्गुणानं डोळे मिटून घेतले. शेवटी पहिला टप्पाही गेला आणि पडद्यावर नदीची नुसती बारीक रेघ उरली.

“म्हणजे पूर्ण नदीच निर्जीव!” धोटे हरखून उभे राहिले. “मॅडम, मग आपण वरचेही घाट—”

“बसा, धोटे.” खानझोडे मॅडमनी मान वर केली. त्यांच्यासमोर नियमावलीचं एक पान होतं आणि त्यावर केव्हाची खूण घालून ठेवलेली होती. “शून्य अंक आणि अंक नसणं या दोन गोष्टी नियमात वेगवेगळ्या आहेत. अंक नसेल तर परवानगी नाही. कोणालाच, कशालाच. पंच, निर्णय नोंदवा.”

“नोंदवला,” पंच म्हणाला. आणि नंतर, कोणी काही विचारलं नसताना, म्हणाला, “या नदीबद्दल मला काहीही माहीत नाही.”

बायकांनी असा काही गलका केला की काठावरचे बगळे उडाले. तो डोह नव्हता, वाळूचा पट्टा होता. तिथं ओरडायला कोणाची मनाई नव्हती.

*

विजय असा फुकट पचत नाही. झाडांवरचे कान चौथ्या दिवशी बंद झाले आणि आठव्या दिवशी आंबेटोल्याच्या वर दोन मोठे कहू पडले. कोणी तोडले ते सगळ्यांना माहीत होतं आणि सिद्ध कोणाला करता येत नव्हतं. जैवंता त्या बुंध्यांपाशी बराच वेळ बसून राहिली. मग दोन्ही गावांनी पाळ्या लावल्या. अमावास्या-पुनवेचं चालणं रोजचं झालं. पहिल्याच पंधरवड्यात तीन कुऱ्हाडी आणि एक करवत हाती लागली. करवतवाल्याला आचलनं जे काही ऐकवलं, ते इथं लिहिता येण्यासारखं नाही.

निर्गुणाही चालत होती. हात मोकळे होते आणि त्या मोकळ्या हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. मासा दिसला की ती सवयीनं फोनकडे हात नेई आणि थांबे. मग नुसतीच पाहत राही. इतकी वर्षं तिनं नदी तीन तीन मिनिटांनी पाहिली होती. आता ती हवी तितकी पाहत होती. बरं वाटत होतं की वाईट, हे तिला ठरवता येईना.

महिन्याभरानं, दुपारी, डोहाच्या वरच्या चढावर बायका शिदोरी सोडून बसल्या होत्या. आचलचा फोन वाजला. वाचता वाचता तिचा घास हातातच राहिला.

“पंच आहे. हुकूम नाई. पत्र आहे.”

“वाच,” निर्गुणा म्हणाली.

‘हिरडोली राखण मंडळास. माझ्या नकाशात दोनशे सात नद्या आहेत. त्यांतील एकीबद्दल मला काही माहीत नाही, अशी स्थिती यापूर्वी आलेली नाही. मी माझे जुने निवाडे पुन्हा तपासले. निरनिराळ्या नद्यांवरील सव्वीस ठिकाणी मला ‘आढळले नाहीत’ असे सांगण्यात आले होते आणि त्यांतील एकोणीस ठिकाणे गावांनी राखलेली होती, असे आता दिसते. ती आता उरलेली नाहीत. मला टप्पा ४१ येथे यायचे आहे. परवानगी कोणाची लागते आणि अटी कोणत्या, हे कळवावे.’

एकोणीस हा आकडा सगळ्यांच्या अंगावर आला होता. निर्गुणाच्या मनात आलं, त्या एकोणीस काठांवरही कोणीतरी बाई असेल, तिनंही पुढं जायचं म्हणून चौकोन दाबला असेल.

“नोको येऊ म्हना,” जैवंता म्हणाली. “एकदा आत घेतलं का घरचंच होते.”

“पन पयल्यांदा इचारते तं आहे,” आचल म्हणाली. मग तिलाच आपल्या बोलण्याचं नवल वाटलं.

सगळ्या कौतिकाबाईंकडे पाहू लागल्या. म्हातारी शांतपणे आंबाडीच्या भाजीचा शेवटचा घास पुसून खात होती. तिनं हात धुतले, पाणी झाडाच्या बुडाशी ओतलं.

“त्याले डोये आहेत का?”

“आहेत, माय. शंभर कॅमेरे.”

“मंग येऊ दे. पन त्याले एक गोष्ट इचार आंधी.” ती खाली डोहाकडे पाहत होती. “म्हनावं, तुले न मोजता पाहता येते का?”

आचलनं तेच, तसंच, एक अक्षर न बदलता लिहिलं आणि पाठवलं.

दोनशे सात नद्यांचे निवाडे डोळ्याचं पातं लवायच्या आत करणारा पंच. बायकांनी शिदोऱ्या बांधल्या, चढ उतरल्या, दुपारची पाळी पुरी केली. ऊन कहूच्या शेंड्यांवर गेलं तरी आचलच्या फोनवर उत्तर आलं नव्हतं.

“नाई म्हनाले इतका टाईम लागत नाई,” निर्गुणा म्हणाली. “मंग तो पंच करून का रायला असंन?”